खडवलीपलीकडे, वायरची भेंडोळी घेऊन

आमच्या सोसायटीतलं कोणी ना कोणी दर मे महिन्यात काश्मीरला जाऊन येतं आणि मग जून संपेपर्यंत आम्हाला फोटो बघावे लागतात. बर्फात उभं राहिलेलं कुटुंब, बर्फात बसलेलं कुटुंब, बर्फ संपल्यावर घोड्यावर चढलेलं आणि मनातून घाबरलेलं कुटुंब. मी आजवर सगळे फोटो मुकाट्याने पाहिले. पण यंदा तळमजल्यावरच्या काकूंनी अल्बम मिटता मिटता विचारलं, "तुम्ही कुठे गेलेलात का हो, सावंत?" त्या "का हो"मध्ये जी कीव होती ती मला झोंबली. गेलेलो! चांगले सहा दिवस गेलेलो. कॅमेरा नव्हता म्हणून फोटो नाहीत, एवढंच. तेव्हा लिहूनच काढतो.

मी धंद्याने वायरमन. डोंबिवलीत लोकांच्या डोक्यावर पंखे टांगून पोट भरतो. माझा जोडीदार दामू कोळी, कोलशेतचा, आयटीआयपासूनचा दोस्त. एका कंत्राटदाराने आम्हाला खडवलीपलीकडच्या एका पाड्यावरची सात घरं फिटिंगसाठी दिली. खांब रोवून झाले होते, तारा ओढून झाल्या होत्या. आम्ही मंगळवारी पोचायचं, शुक्रवारपर्यंत घरांतलं काम उरकायचं, शनिवारी वीजखात्याचे साहेब येऊन तपासणार. जे घर पास, त्याला त्याच दिवशी वीज. जे नापास, ते थेट पावसाळ्यानंतर. पाड्याचं नाव मी सांगणार नाही. तिथे माझी थोडी इज्जत आहे, ती आहे तिथेच राहू दे.

नदी

लोक प्रवासाला थर्मास, कानटोपी आणि ओवा नेतात. आमच्या सामानात वायरची चार भेंडोळी, वायर ज्यांवर बसवतात त्या सागवानी पट्ट्यांचा भारा, गोधडीत गुंडाळलेले बल्ब, बायकोने दिलेले बेसनाचे लाडू आणि मेगर. मेगर म्हणजे हँडल असलेली एक पेटी. वायरला जोडून हँडल फिरवायचं. फिटिंगमध्ये कुठे ओल असेल, वीज झिरपणार असेल, तर काटा शून्यावर बसतो. सगळं कोरडं ठणठणीत असेल तर वर चढतो. साहेबलोक माणसाकडे बघत नाहीत, त्या काट्याकडे बघतात.

उन्हाळ्यात भातसा नदी गुडघाभर असते. मी कोकणातला असूनही पाण्याला बिचकणारा, म्हणून धोतरवाल्या आजोबांसारखी पँट वर खोचून जपून पावलं टाकत होतो. दामूने मला यथेच्छ हसून घेतलं. "आमी खाडीत जल्मलो रे सावंता," तो म्हणाला, आणि पुढच्याच दगडावरून पट्ट्यांच्या भाऱ्यासकट आडवा झाला. भारा तरंगत निघाला, दामू बसल्या जागी बसून राहिला. मी पट्ट्या गोळा करून आणल्या तरी तो बसलेलाच.

"खाडीचा पानी मानसाला धरतं," तो शेवटी म्हणाला. "हा गोडा पानी सोरून देतं. मना सवय नाय."

पुढचे सहा दिवस त्याने या नदीबद्दल एकही चांगला शब्द काढला नाही.

पाड्यावर

पाड्यावर आमचं स्वागत पाय धुवायला पाणी देऊन झालं. डोंबिवलीत वायरमन आला की आधी दाराच्या फटीतून विचारतात, "पायपुसण्यावर पाय पुसलेत ना?" इथे तांब्या घेऊन हौसाबाई नावाची बाई स्वतः उभी. पन्नाशीची, काटक, आवाज मात्र पाड्याच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. मागोमाग गुळाचा कोरा चहा आला. मी दुधाच्या चहाचा माणूस. पहिला घोट मी शिष्टाचार म्हणून घेतला, चौथ्या दिवशी मी तो मागून प्यायलो, हे घरी सांगितलेलं नाही.

हौसाबाईंचा मुलगा बाळाराम आमच्या दिमतीला होता. सत्तावीस-अठ्ठावीसचा गडी, वीटभट्टीवर कामाला, पण हे पाच-सहा दिवस रजा टाकून आमची शिडी धरायला उभा. शिडी तो इतकी घट्ट धरी की आपण वर निर्धास्त. रजा का टाकलीस, असं विचारलं तर लाजून खाली बघायचा. दामूने दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून काढून घेतलं. मोहने गावची एक मुलगी होती, सुमन. वडील कारखान्यात, मुलगी कंपनीच्या क्वार्टरमध्ये जन्मलेली आणि वाढलेली. स्थळ दोन्हीकडून पसंत, पण तिने बापाला एकच अट घातली होती.

"काय अट?" मी वरून विचारलं.

"जिथं बटन नाय तिथं मी नांदनार नाय, असं बोलली," बाळाराम म्हणाला. "तिचा बाप येत्या रैवारी घर बघायला येनार. तिला बी आननार. तवर लाइट आली तर सुपारी फुटंल. नायतर मामाच्या गावचं दुसरं स्थळ हाय तिला. तिकडं लाइट हाय."

"आणि तुला ती आवडलीये?"

त्याने शिडी आणखी घट्ट धरली. तेव्हा मला कळलं की मी सात घरांचं फिटिंग करायला आलेलो नाही, एका घराचं करायला आलोय, बाकीची सहा सोबतीला आहेत.

भिंत

आता भिंतींबद्दल. आमच्याकडे भिंत म्हणजे विटा. ठोकलं की गिट्टी बसते, गिट्टीत खिळा बसतो. गिट्टी म्हणजे भिंतीत ठोकायचा लाकडाचा तुकडा. पाड्यावरच्या भिंती कुडाच्या. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, दोन्ही अंगांनी चिखल थापायचा, वरून शेण-मातीचं सारवण. घरात शिरलं की बाहेरचं ऊन बाहेरच राहतं. इतकं गार घर मी डोंबिवलीत आजवर पाहिलं नाही. पण मी काही गारवा मोजायला गेलो नव्हतो.

पहिली गिट्टी मी मोठ्या रुबाबात ठोकली. पाड्यावरचं झाडून सगळं माणूस बघायला जमलेलं. एक घाव, दोन घाव, तिसऱ्या घावाला गिट्टी नाहीशी झाली आणि पलीकडच्या खोलीतून हौसाबाई ओरडल्या, "भाऊ, तुमचं काय तरी आमटीत पडलं!"

दुसरी गिट्टी आत गेली, पण येताना भिंतीचं ताटाएवढं ढेकूळ घेऊन आली. तिसऱ्या वेळी भोकातून एक कोंबडी माझ्याकडे बघत होती. दामू हसू दाबण्याच्या नादात शिंकला. मला भयंकर राग आला. पंधरा वर्षं धंदा केलेल्या माणसाची अशी चारचौघांत फजिती होऊ नये.

"भाऊ," बाळाराम हळूच म्हणाला, "हिला मारून नाय चालत. हिला बांदावं लागतं."

त्याने बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं. जिथे आवाज भरीव आला तिथे आत कारवी. त्या काठीच्या दोन्ही बाजूंना सळईने बारीक भोकं पाडली, काथ्या आत घातला, काठीभोवती वेढा देऊन बाहेर ओढला आणि आमची सागवानी पट्टी भिंतीला घट्ट बांधून टाकली. वर भाताचं तूस घातलेला चिखल लिंपला. सकाळी मी पट्टीला लोंबकळून पाहिलं. छपराची माती पडली, पट्टी हलली नाही. त्यानंतर आम्ही हातोडी पिशवीतून काढलीच नाही. टकटक करत फिरायचो आणि कारवी सापडली की ओरडायचो. आमचं काम लांबून बघणाऱ्याला आम्ही घराला आजार विचारतोय असंच वाटलं असतं.

बटणं बसली तशी पाड्याला नवा उद्योग मिळाला. वीज नव्हती, पण बटण दाबता येत होतं. म्हातारे, पोरं, पाहुणे, ज्याला वेळ असेल तो येऊन टकटक करून जायचा. बाळाराम तर दाबण्याचा रियाज करायचा. कुठल्या बोटाने दाबलं की सहज वाटेल, हे त्याने मला दोनदा विचारलं.

आरती

गुरुवारी अर्थिंग केलं, म्हणजे फिटिंग मातीला जोडलं. अंगणात खोल खड्डा घ्यायचा, तळाला लोखंडी प्लेट, तिच्यावर कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, आणि वरून पाणी. बाळारामने विचारलं, "घर मातीचं, जमीन मातीची, मंग यात अजून अर्थिंग कसलं?" मी "नियम आहे" म्हणालो. खरं उत्तर मला येत होतं, पण ते सांगताना माझी स्वतःचीच पंचाईत होते.

मी मीठ आणायला गेलो आणि दामूने घरोघरी दवंडी पिटली, "पयली अर्थिंग, मंग लाइट!" परत येऊन बघतो तर खड्ड्याभोवती सात बायका, सात ताटं, सात निरांजनं. हौसाबाईंनी "आरती" ऐकलं होतं. आणि का ऐकू नये? खड्डा आहे, त्यात मीठ घालतायत, पाणी सोडतायत, वरून सांगतायत की हे केल्याशिवाय उजेड यायचा नाही. देवाचं नाहीतर दुसरं काय असणार? खड्ड्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि आरती इतकी मनापासून झाली की मीसुद्धा चपला काढून हात जोडले. दामूने तर टाळ्या वाजवत चाल धरली. शेवटी "परसाद?" असं विचारत सगळी पोरं माझ्याकडे बघू लागली. बायकोचे लाडू असे अर्थिंगच्या कामी आले.

जेवणाबद्दल सांगायलाच हवं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कैरीचं कायतरी आंबटगोड, आणि दामूने घरून आणलेलं सुकट. त्यावर हौसाबाईंनी असा काही कांदा परतला की दामूने ताट पुसून पुन्हा पुढे केलं.

बोट ठेवायला जागा नको

शुक्रवारी दुपारी काम संपलं. सातही घरांत मेगर फिरवला, काटा सगळीकडे ऐटीत वर. मी खूश होतो, आणि खूश असलो की मी भाषण करतो. पाड्याला गोळा करून म्हणालो, "उद्या साहेब येणार. घरं अशी नीटनेटकी पाहिजेत की साहेबांना कुठे म्हणजे कुठे बोट ठेवायला जागा नको!"

हौसाबाईंनी मान डोलावली. बाकीच्या बायकांनीही डोलावली. मला वाटलं, काय छान समजतंय लोकांना.

शनिवारी सकाळी आम्ही झोपायचो त्या शाळेच्या पडवीतून उठून पाड्यावर आलो. हौसाबाई दारात उभ्या होत्या, कोपरापर्यंत हात शेणाने भरलेले, चेहऱ्यावर समाधान. मी आत पाहिलं. भिंती होत्या, ओल्या, गुळगुळीत, हिरवट. पट्ट्या नव्हत्या. बोर्ड नव्हते. बटणं नव्हती. मोठा पाहुणा येणार म्हणजे भिंती सारवायच्या, ही त्यांच्याकडची रीत. सगळ्या बायकांनी मिळून पहाटेपासून सातही घरं, आमच्या फिटिंगसकट, वरपासून खालपर्यंत सारवून काढली होती.

"बघा भाऊ," त्या म्हणाल्या, "बोट ठेवायला जागा नाय ठेवली."

खरंच नव्हती. सगळ्या भिंतीवर त्यांचीच बोटं उमटली होती.

मी तिथेच जमिनीवर बसलो. जमीनही सारवलेली होती, हे बसल्यावर कळलं. ओरडावंसं वाटत होतं, पण समोर त्यांचे हात होते. आणि भाषण माझंच होतं. मेगर लावला. काटा शून्यावरून उठायला तयार नाही. बाळाराम माझ्या मागे उभा राहून काट्याकडे बघत होता. मेगरमधलं त्याला काही कळत नव्हतं, पण माझ्या तोंडावरून सगळं कळलं.

"किती वेळ लागल सुकाया?" त्याने विचारलं.

"साहेब अकराला येणार."

"मंग साह्यबाला एक वाजता येऊ दे," दामू म्हणाला, आणि स्टेशनकडे निघाला.

त्यानंतर पाड्यावर जे झालं त्याचा फोटो नसल्याची मला आजही हळहळ वाटते. आम्ही सगळी बटणं सोडवून गोधडीवर कुरडयांसारखी उन्हात वाळत घातली. एक टोपण कावळ्याने नेलं. घराघरांत बायका सुपं घेऊन उभ्या राहिल्या आणि भिंतींना वारा घालू लागल्या. धान्य पाखडायची सवय असलेले हात ते, थांबेचनात. मी दातवणाने होल्डर कोरत एका घरातून दुसऱ्या घरात पळत होतो, आणि मधूनमधून मेगर फिरवत होतो. काटा थोडा हलला की सगळ्या बायका एकदम ओरडायच्या.

साहेब एक वाजता आले. मूळचे मालवणचे, बदली होऊन आलेले, दोन वर्षं धड मासा पाहिला नव्हता. दामूने त्यांना हे स्टेशनवरच विचारून घेतलं होतं आणि पुढचे दोन तास नदीकाठच्या झाडाखाली बसवून कोलशेतच्या खाडीतला एकेक मासा तपशीलवार सांगितला होता. साहेब आले ते भुकेने कासावीस होऊन.

सहा घरं पास झाली. सातवं बाळारामचं. साहेबांनी हँडल फिरवलं. काटा शून्य.

"चुलीजवळच्या बोर्डात ओल आहे," साहेब म्हणाले. "हे घर नापास. पावसाळ्यानंतर बघू."

बाळारामने हातातली शिडी भिंतीला टेकवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. इतर सहा घरांची माणसं हसतखेळत होती, तीही त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. मला दहावीला गणितात नापास झालो तेव्हाही इतकं वाईट वाटलं नव्हतं.

हौसाबाई मात्र पदर खोचून पुढे आल्या. "सायेब, जेवल्याबिगर जायचं नाय."

साहेब जेवले. सुकट तीनदा मागून घेतलं. मग ओटीवर घोंगडीला टेकून म्हणाले, "पाच मिनिटं पडतो," आणि घोरायला लागले.

"भाऊ, कुठला बोर्ड वला हाय?" हौसाबाईंनी विचारलं.

"चुलीजवळचा."

"तिथं मी दोनदा सारवलं. सून बघनार म्हनून." क्षणभर त्यांचं तोंड उतरलं. मग त्यांनी हात पुढे केला. "सोडवा. द्या इकडं."

"अहो, तो बोर्ड आहे, भाकरी नाही!"

"वला हाय ना? मंग भाजायचा."

त्यांनी चुलीतला जाळ मागे ओढला, निखारे ठेवले, तवा पालथा घातला आणि त्यावर बोर्ड ठेवला. मी क्षणभर डोळे मिटून घेतले. त्या उकिडव्या बसून बोटांनी बोर्ड फिरवत होत्या, उलटत होत्या, हाताच्या पालथ्या बाजूने ऊब बघत होत्या. बाळाराम घमेल्यात निखारे घेऊन भिंतीची ओली जागा शेकत होता. घरभर लाकडाचा आणि शेणाचा खमंग वास सुटला.

"झाला," हौसाबाई म्हणाल्या. मी बोर्ड बसवला. कुठे जळलेला नाही, वाकलेला नाही. मेगर जोडून हँडलला हात घालतो तोच ओटीवरून आवाज आला, "वास कसला येतोय? काय भाजताय?"

"बोर्ड, साह्येब," दामू म्हणाला. खोटं बोलायला त्याला वेळच मिळाला नाही.

साहेब उठून आत आले. बोर्डाकडे बघितलं, तव्याकडे बघितलं, मग हौसाबाईंकडे. स्वतः हँडल धरलं. काटा थरथरला, सरकला, आणि चढत गेला.

"तीस वर्षांच्या नोकरीत..." साहेब म्हणाले, आणि वाक्य अर्धवट टाकून त्यांनी कागदावर सही केली.

रविवार

संध्याकाळच्या आत खात्याच्या लाइनमनने सातही घरं जोडली. सहा घरांत दिवे लागले. बाळारामच्या घरात हौसाबाईंनी बटणाला हात लावू दिला नाही. "पयला हात सुनंचा." मी म्हटलं, निदान टेस्टर तरी लावू द्या, बघू द्या वीज आलीये का. "नाय." त्यामुळे आम्ही रविवारी थांबलो. खरं तर सकाळच्या गाडीने निघता आलं असतं, पण भाजलेला बोर्ड मागे ठेवून मला जाववेना.

दहाच्या सुमाराला मोहन्याची मंडळी आली. सुमनचे वडील, दोन मावश्या, आणि सुमन. निळी नायलॉनची साडी, खांद्याला पर्स, आणि घरभर फिरणारे बारीक डोळे. भिंती पाहिल्या, चूल पाहिली, पाण्याचे हंडे पाहिले. वडील ओटीवर बशीत चहा ओतून बसले. पाड्यावरचं एकूण एक माणूस दारा-खिडकीत.

सुमन बोर्डापाशी गेली आणि बटण दाबलं.

काही झालं नाही.

बाळारामचा चेहरा पांढरा पडला. हौसाबाईंनी देवाचं नाव घेतलं.

"दुसरा! दुसरा बटन!" दामू खिडकीतून ओरडला. "त्यो प्लगचा हाय!"

सुमनने दुसरं बटण दाबलं. भर सकाळच्या उजेडात आढ्याला टांगलेला बल्ब पिवळा झाला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळे तिच्याकडे बघत होते. ती मान वर करून बल्बकडे बघत राहिली. मग बाळारामकडे बघितलं, आल्यापासून पहिल्यांदाच, आणि चांगलं निरखून. मग हात पुढे केला आणि बटण बंद केलं.

बाळाराम घाबरून म्हणाला, "काय झालं? आवडला नाय?"

"दिवसाढवळ्या कशाला जाळायचा?" सुमन म्हणाली. "बिल आपल्यालाच येनार ना?"

ओटीवर तिच्या वडिलांचा हात बशीसकट थांबला. त्यांनी लेकीकडे बघितलं, बाळारामकडे बघितलं, मग बशी खाली ठेवली.

"आपल्याला?" ते हौसाबाईंना म्हणाले. "मंग आता मी काय बोलू? साखर आना."